तासाला एक चूक

“मुद्दाम केली म्हणून सांगू, की चुकून झाली म्हणून सांगू?” ह्यांनी दारातूनच विचारलं.

मी मशीनवर होते. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलं होतं, बाहीला बाही जुळत नव्हती, आणि त्यात हे कोडं.

“काय केलंत?”

“चूक.”

“मग त्यात सांगायचं काय? चूक ती चूक.”

“तसं नाही ना. तेच तर विचारलंय त्यांनी.”

हे आत आले, कापडांचा ढीग सरकवून खुर्चीत बसले आणि सगळे खिसे चाचपायला लागले. मी बोटाने ह्यांचं कपाळ दाखवलं. चष्मा तिथेच होता. तो नाकावर घेऊन ह्यांनी मोबाइलवरचा विद्यापीठाचा निरोप मला वाचून दाखवला. लहान मुलांच्या औषधांच्या डोसावरचं ह्यांचं जे व्याख्यान रेकॉर्ड केलं होतं, त्यात गंभीर चूक सापडली होती. ती अनवधानाने झाली की हेतुपुरस्सर, याचा खुलासा समितीपुढे करायचा होता. बैठक गुरुवारी, तीही ऑनलाइनच. खाली लिंक.

“अनवधानाने की हेतुपुरस्सर,” मी म्हटलं. “वा! चोराला विचारतात, बाबा रे, दार उघडं होतं की तू फोडलंस.”

हे हसले नाहीत, तेव्हा मी मशीन थांबवलं.

हे औषधशास्त्र शिकवतात. आधी सरकारी विद्यापीठात शिकवलं, तिथून निवृत्त झाल्यावर या खासगी विद्यापीठाने गाडी पाठवून बोलावून नेलं. नाकासमोर चालणारा माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, भांडण तर नाहीच नाही. खोड एकच. प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. पहिल्या दिवशीच पोरांना बजावून ठेवायचे, “डॉक्टर दमलेला असतो, नर्स घाईत असते, आई घाबरलेली असते. औषध हातात देणारे तुम्ही म्हणजे शेवटचा दरवाजा. तुम्ही अडवलं नाही तर पुढे कोणी अडवणारं नाही. म्हणून आधी मला अडवायला शिका.”

मग तास सुरू. मध्येच कुठेतरी चूक लिहायची, वर्गाकडे वळायचं, हनुवटी वर करायची, खडू मुठीत धरायचा आणि गप्प उभं राहायचं. वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. शेवटी कोणीतरी भीतभीत उठायचं, “सर, चूक.” की हे खुलले! “शाब्बास! नाव काय?” नाव माहीत असलं तरी विचारायचे. पोराने ताठ उभं राहून नाव सांगायचं आणि हे ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. पुढच्या तासापर्यंत ते कोणी पुसायचं नाही. मुलं मागून ह्यांना ‘चकवा सर’ म्हणायची, पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागली.

आणि नाहीच कोणी पकडली, तर हे स्वतः कधी सांगायचे नाहीत. चूक फळ्यावर तशीच सोडून निघायचे. मग कोणीतरी कॉरिडॉरमधून धापा टाकत यायचं. कितीदा तर आमच्या दाराशी सायकल टेकवून पोरं ओरडलीत, “काकू, सर आहेत का? चूक सापडली!” मला हातातलं टाकून ह्यांना हाक मारावी लागायची.

घरात मात्र या खेळाला बंदी होती. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, ह्यांनी मला नणंदेच्या गाडीची वेळ चुकीची सांगितली आणि हनुवटी वर करून बघत राहिले. मला काय कप्पाळ ठाऊक! नणंद स्टेशनवर ताटकळली आणि बोलणी खाल्ली मी. त्याच रात्री मी हात जोडून सांगितलं, “हे चोचले वर्गात. घरात सांगाल ते खरंच सांगायचं.” ह्यांनी तो शब्द इतकी वर्षं पाळला.

मग विद्यापीठात डिजिटल परिवर्तन आलं. पाहुणा येतो तसं नाही आलं, घरमालक येतो तसं आलं. आल्या आल्या फळे उतरवले. जुन्या उत्तरपत्रिका ठेवायच्या त्या गोदामात पेनाने लिहायचा एक पांढरा फळा लावून स्टुडिओ झाला. एकेक तास कापून त्याचे छोटेछोटे तुकडे केले, आणि मुलांनी ते घरी बसून, हवे तेव्हा, हव्या त्या वेगाने बघायचे असं ठरलं. आमच्या भाचीने मला एकदा दाखवलं. ह्यांना इतकं भरभर बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, गाडी चुकत असल्यासारखे बोलत होते.

“पहिला दिवसच उरला नाही गं,” हे तेव्हा म्हणाले होते. “ज्याला जो तुकडा हवा तो उघडतो. आता त्या मुद्दाम चुकांबद्दल सांगायचं कधी?”

तरी ह्यांनी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला सगळं सांगितलं होतं. ते अभ्यासक्रमात बसत नाही म्हणून काढून टाकलं.

“पण झालंय काय नेमकं?” मी विचारलं.

“दशांशचिन्ह एक घर सरकलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे दहापट डोस. परीक्षेत जवळजवळ सगळ्या वर्गाने तेच उत्तर लिहिलं. पेपर कॉम्प्युटरने तपासला, त्यामुळे लगेच उघडकीला आलं.”

“दहापट? लहान बाळाला?”

ह्यांनी मान डोलावली.

“अहो, पण तिथे चूक ठेवलीतच कशाला? त्या गोदामात पकडणार कोण होतं?”

“खुर्च्या होत्या,” हे म्हणाले.

मला इतका राग आला. ह्यांचा आला, त्या परिवर्तनवाल्यांचा आला, सगळ्या वर्गात एकालाही शंका येऊ नये याचाही आला. “सरळ सांगून टाका मुद्दाम केली म्हणून,” मी म्हटलं. “तुमचा विभागप्रमुख आहे की समितीत. तुमच्याच हाताखाली शिकला. त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात किती वेळा लागलंय! त्याच्या मुलाखतीच्या कोटाची बटणं मी या मशीनवर बसून लावून दिलीत. तो सांगेल ना सगळ्यांना.”

“मुद्दाम म्हटलं तर म्हणतील, पोरांना जाणूनबुजून चुकीचं शिकवलं. चुकून म्हटलं तर म्हणतील, म्हातारा झाला.”

“मग खरं काय ते सांगा.”

हे खाली पडलेल्या चिंध्यांकडे बघत बसले. इतका वेळ बसले की मला भलतीच शंका आली, आणि ती मी लगेच मनातून झटकली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता मी विद्यापीठात गेले. स्टुडिओत एडिटर होता, पाठीला पट्टा बांधलेला, चाळिशीचा माणूस. आधी लग्नांची शूटिंग करायचा. मी कोणाची कोण ते सांगितल्यावर त्याने स्वतःची खुर्ची मला दिली.

“तुम्हीच कापता ना हे सगळं?” मी विचारलं.

“मी कुठे, काकू. सॉफ्टवेअर कापतं. माणूस बोलायचा थांबला की मधली शांतता ते आपोआप उचलून टाकतं. पोरांना कंटाळा येतो ना.”

“आणि टाकलेलं कुठे जातं?”

“म्हणजे?”

“कापलेलं हो. आमच्याकडे चिंधीसुद्धा वर्षभर ठेवतात. गिऱ्हाईक कधी ठिगळ मागायला येईल सांगता येत नाही.”

तो हसला. “न कापलेलं असतं मागे कुठेतरी. बघतो.”

बराच वेळ शोधल्यावर सापडलं. पडद्यावर हे आले. अंगात मीच शिवलेला करडा शर्ट होता. बोलत बोलत ह्यांनी बाळाचं वजन लिहिलं, डोस लिहिला, दशांशचिन्ह चुकीच्या जागी ठेवलं. मग वळले. हनुवटी वर झाली, लिहायचं पेन मुठीत गेलं, आणि हे थांबले. समोर रिकाम्या खुर्च्या. मागून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“सर, पाणी हवंय का?” कॅमेऱ्यामागून कोणीतरी विचारलं. ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि तसेच उभे राहिले.

“ते मीच विचारलं होतं,” एडिटर ओशाळून म्हणाला. “सर मध्येच थांबले की आम्हाला वाटायचं, घसा कोरडा पडला.”

मला तर आयता पुरावा मिळाला होता. “बघा! मुद्दाम केलीय. एवढंच पाहिजे मला. द्या हे.”

“थांबा काकू, अजून आहे पुढे.”

पुढे हे फळ्याकडे वळले. आपणच लिहिलेलं वाचायला लागले. हातातल्या कागदात बघितलं, परत फळ्याकडे बघितलं, त्या आकड्याखालून बोट फिरवलं. आणि चेहऱ्यावर ते आलं. चष्मा कपाळावर असताना खिसे चाचपतात ना, तेव्हा जे येतं ते. ते मी घरात कितीदा बघितलं होतं आणि कितीदा हसून सोडून दिलं होतं. मग ह्यांनी आपल्याशीच मान डोलावली आणि त्याच चुकीच्या आकड्यावर पुढचं सगळं गणित मांडलं. “म्हणून या बाळाला एवढा डोस द्यायचा,” असं म्हणून उत्तराखाली जोरात रेघ ओढली.

एडिटरने पंखा बंद केला, परत चालू केला. त्याने ते एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं आणि दारापर्यंत सोडायला आला.

घरी येऊन मी ते ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. काय आहे ते न सांगताच ह्यांना कळलं.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“सगळं?”

“मी म्हणते अर्धंच दाखवू. तुम्ही थांबून वाट बघताय तिथपर्यंत. पुढचं कशाला?”

“कापून?” हे म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले. “मी ती चूक मुद्दाम केली. आणि मग ती चूक आहे हेच विसरलो. मुलांचा निकाल लागला तेव्हा मला कळलं. आता सांग, त्यांना यातलं काय सांगू?”

मी तिथेच रडले. तोंडात पदराचा बोळा वगैरे काही नाही, भोकाड पसरून रडले. पोरं वाचली, कुठल्या खऱ्या बाळाला तो डोस गेला नाही, हे देवाचे उपकार. पण हे ज्या दरवाजाविषयी जन्मभर बोलले तो ह्यांच्या आतलाच निखळायला लागला होता, आणि मी शेजारच्या खोलीत बसून बाह्या जोडत होते.

“किती दिवसांपासून होतंय?” मी विचारलं.

“तुला माहितीय.”

माहीत होतंच. अळीमिळी गुपचिळी दोघांचीही चालली होती.

“डॉक्टरांकडे जाऊ,” मी म्हटलं.

“जाऊ. आधी गुरुवार होऊ दे.”

गुरुवारी ह्यांनी दाढी केली, तोच करडा शर्ट घातला आणि माझ्या कापायच्या टेबलाशी लॅपटॉप लावून बसले. मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, पण मला पडदा दिसत होता. एकेका चौकटीत एकेक माणूस. कोणी गाडीत बसून, कोणी चहा पीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. विभागप्रमुख वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत होता. केस पिकले होते. माइक बंद असल्याची लाल खूण त्याच्या नावाशेजारी होती.

परिवर्तनाच्या संचालकबाई बोलायला गोड होत्या. “सर, तुम्हाला दोष द्यायला आम्ही बसलेलो नाही. तुमचा मान आहेच. तुमचं उत्तर फक्त नोंदीसाठी हवंय. ती व्याख्यानं आता कॉम्प्युटरच्या आवाजात नव्याने होणारच आहेत.”

“माझ्याकडून चूक अनवधानाने झाली,” हे म्हणाले. आवाज वर्गातला होता, मोठा आणि स्वच्छ. “तासाला मुद्दाम चूक करायची माझी पद्धत नव्हती. कधीच नव्हती.”

आणि थांबले. हनुवटी वर झाली. टेबलाखाली ह्यांची मूठ वळलेली मी बघितली, खडू नसलेली.

ह्यांच्या वर्गात एक दिवस जरी बसला असेल त्याला हे कळायला हवं होतं. हे वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघत होते. एक चूक मांडून ठेवली होती आणि ती पकडणारा तिथे हजर होता. ऊठ रे, मी मनात म्हणत होते, ऊठ, दोनच शब्द बोल, माइक चालू कर आणि म्हण, सर, चूक. विभागप्रमुखाने मान खाली घातली. समोर काहीतरी वाचायला लागला.

“सर?” संचालकबाई म्हणाल्या. “सरांचं चित्र अडकलंय बहुतेक.”

“नेटवर्क गेलं वाटतं त्यांचं,” गाडीतला म्हणाला.

“सर, आमचा आवाज येतोय का तुम्हाला? सर?”

हे हलले नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही. वरच्या कोपऱ्यातली चौकट एकदम काळी झाली, नाव तेवढं राहिलं. त्याने कॅमेरा बंद केला होता.

मग ह्यांनी मूठ सोडली. “येतोय,” म्हणाले. “मला एवढंच सांगायचं होतं. फक्त मुलांना कळवा, ते उत्तर चूक आहे. एकेकाला कळवा.”

“ते सिस्टिममध्ये अपडेट होईल, सर.”

“सिस्टिम नाही. माणसाने सांगा,” हे म्हणाले. सगळ्यांनी आभार मानले आणि चौकटी एकेक करून विझल्या.

मी लॅपटॉप असा काही आपटून मिटला की हे दचकले. “मूग गिळून बसला मेला! अन्न खाल्लंय या घरचं त्याने!”

“त्याच्या लक्षात आलं असेल का गं?”

“न यायला काय झालं? चांगलं आलं.”

“मग अडवलं का नाही?” हे म्हणाले. रागावून नाही, खरंच विचारत होते. “म्हणजे माझंच शिकवणं कुठेतरी कच्चं राहिलं.”

मला ह्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्या माणसाच्या कोटाची सगळी बटणं तोडून आणावीशीही वाटली. दोन्हीतलं काही न करता मी चहा टाकला.

विद्यापीठाने सन्मानाने निरोप दिला, म्हणजे मोबाइलवर फुलांचं चित्र आलं. मुलांची परीक्षा परत झाली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, वार विचारले, आणि शेवटी आजाराचं नाव सांगितलं. ह्यांना ते नाव, त्यावरची औषधं आणि त्या औषधांनी किती थोडं होतं, हे सगळं पाठ होतं. अनेक वर्षं शिकवलं होतं ना.

परतताना रिक्षात मी म्हटलं, “आजपासून घरातली बंदी उठली.”

“कसली बंदी?”

“चुकांची. खुशाल करा घरात. मी पकडेन.”

हे माझ्याकडे बघत राहिले. रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. ह्यांना सगळं कळलं होतं, मी का म्हणतेय तेही.

“प्रत्येक?”

“प्रत्येक.”

“तुला नाही जमायचं. तू दयाळू आहेस.”

“मी? विचारा गिऱ्हाइकांना!”

तेव्हापासून हे चुकतात आणि मी पकडते. वार चुकतो, नळ उघडा राहतो, भाचीला तिच्या आईच्या नावाने हाक जाते. मी म्हणते “चूक”, हे म्हणतात “शाब्बास”. यातली कुठली मुद्दाम आणि कुठली नाही ते मी विचारत नाही आणि हे सांगत नाहीत.

काल सकाळी हे माझ्या टेबलाशी बसून गोळ्यांची डबी भरत होते. आठवड्याची डबी, सकाळचे आणि रात्रीचे वेगळे कप्पे असलेली. हे काम ह्यांनी मला कधी करू दिलेलं नाही. मी समोर बसून शिवण उसवत होते आणि एक डोळा डबीवर ठेवून होते. झोपेची गोळी, रात्रीची, सकाळच्या कप्प्यात पडली. हे थांबले. मूठ मिटली, हनुवटी वर करून माझ्याकडे बघायला लागले.

“चूक,” मी म्हटलं.

“कुठे?”

“रात्रीची गोळी सकाळी घातलीत.”

ह्यांनी डबीत बघितलं. चेहरा जसा उजळला, तसा मी किती महिन्यांत बघितला नव्हता.

“शाब्बास!” हे म्हणाले. “नाव काय?”

मी हसले. मग ह्यांच्या डोळ्यांत थट्टा कुठे आहे ते शोधायला लागले. हे अगदी अदबीने, उत्सुकतेने, मी सांगायची वाट बघत होते.

मी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं, ताठ उभी राहिले आणि नाव सांगितलं. ह्यांनी माझा बेतायचा खडू उचलला आणि ते नाव टेबलाच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात लिहिलं. आज त्याच टेबलावर मी कापड बेततेय, तेवढा कोपरा सोडून.